बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या येणाऱ्या पोरांना एवढा बोनस: पैसे वसूल होतात का?

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतले बेसबॉल क्लब दर जुलैला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, अठरा ते बावीस वर्षांच्या पोरांना, मेजर लीगचा (तिथल्या सर्वोच्च लीगचा) एकही सामना खेळलेला नसताना, नुसती करारावर सही करण्यासाठी ऐंशी-नव्वद लाख डॉलर देतात. त्यातली बरीच पोरं पुढे कुठे दिसतही नाहीत. मग हा पैसा वाया जात नाही का? आणि मुलाच्या बाजूनं पाहिलं तर एवढी रक्कम समोर आल्यावर त्यानं कॉलेज सोडावं का?

मी मूळची देवगडची, शिक्षणानं संख्याशास्त्राची. गेली सोळा वर्षं अमेरिकेत याच कामात आहे. पहिली नऊ वर्षं एका क्लबच्या ड्राफ्ट विभागात होते. कुठल्या मुलाला किती द्यावं याचा हिशेब मांडणाऱ्या चार जणांपैकी मी एक. त्यानंतर बाजू बदलली आणि आता मुलांच्या घरच्यांना सल्ला देते. त्यामुळे एकच आकडा दोन्हीकडून कसा दिसतो ते पाहिलंय.

आधी सरळ उत्तर देते. क्लबच्या दृष्टीनं ड्राफ्टमधल्या पहिल्या दहा-पंधरा मुलांना दिलेला बोनस महाग नाही, तो स्वस्त आहे, खूपच स्वस्त. पैसे बुडताना दिसतात ते एकेका मुलाकडे पाहिलं तर. क्लब एकेका मुलाकडे पाहून हिशेब करत नाही.

आमच्याकडे हापूसची बाग कराराने द्यायची पद्धत आहे. व्यापारी मोहोर बघतो, कलमं मोजतो, बागवाल्याला रक्कम देतो, आणि पुढचा सगळा धोका त्याचा. अवकाळी पाऊस आला, तुडतुडा पडला, मोहोर गळला, तरी दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. कुठलं कलम धरेल आणि कुठलं नाही हे त्यालाही कळत नसतं. पण दहा बागा घेतल्या तर साधारण किती पेट्या निघतील याचा अंदाज त्याला असतो आणि तो भाव त्यावरच ठरवतो. ड्राफ्टचा बोनस हा असाच मोहोराचा भाव आहे. फरक एवढाच की देवगडचा बागवाला दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाऊ शकतो. ड्राफ्टमधला मुलगा जाऊ शकत नाही, आणि माझ्या मते या प्रश्नाचं मर्म तिथंच आहे.

आयपीएल पाहणाऱ्यांचा इथे घोटाळा होतो. त्यांच्या डोळ्यांसमोर लिलाव असतो: दोन-तीन संघ हात वर करतायत, भाव चढतोय, शेवटी जो भाव निघाला ती खेळाडूची बाजारातली किंमत. बेसबॉलमध्ये नवख्या मुलांचा लिलाव होत नाही. तीस क्लब ठरलेल्या क्रमानं एकेक नाव घेतात. ज्या क्लबनं नाव घेतलं, त्या वर्षी बोलणी फक्त त्याच क्लबशी. दुसरा कुणी दुप्पट द्यायला तयार असला तरी त्याला बोलताच येत नाही. (आपल्याकडेही हे एकदा होऊन गेलंय. २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या हंगामाला एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषक संघातली मुलं लिलावात नव्हती, त्यांचा ड्राफ्ट झाला होता. दिल्लीनं प्रदीप सांगवानला निवडलं आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरुकडे गेला. तेव्हाच्या कोहलीच्या मानधनावरून त्याची किंमत कळते का? तसंच हे.)

ही पद्धत आली कुठून, तर भाव चढू नये म्हणूनच आली. १९६५ पूर्वी कुठलाही क्लब कुठल्याही मुलाशी बोलू शकत होता. पन्नासच्या दशकात क्लबांनी एक नियम करून पाहिला होता: चार हजार डॉलरपेक्षा जास्त बोनस दिला तर त्या मुलाला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, खालच्या लीगमध्ये शिकायला पाठवायचं नाही. हेतू हा की क्लबांनी पैसे देताना दहादा विचार करावा. सँडी कोफॅक्स याच नियमात अडकला. ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला १४ हजार डॉलर बोनस दिला आणि एकोणीस वर्षांचा, चेंडू कुठे पडेल याचा स्वतःलाच भरवसा नसलेला तो पिचर (चेंडू फेकणारा) खालच्या लीगमध्ये शिकण्याऐवजी बाकावर बसून राहिला. तरी भाव थांबले नाहीत. १९६४ मध्ये रिक रायकार्ट नावाच्या मुलाला एंजल्सनी दोन लाख डॉलरच्या वर रक्कम दिली आणि क्लबमालक हादरले. पुढच्याच वर्षी ड्राफ्ट आला. त्यातला पहिला मुलगा रिक मंडे. त्याला मिळाले सुमारे एक लाख. एका वर्षात भाव निम्मा झाला. खेळाडू काही निम्मे वाईट झाले नव्हते.

मोकळ्या बाजारात भाव काय असतो हे त्यानंतर एकदाच नीट दिसलं. १९९६ मध्ये काही क्लबांनी ड्राफ्टमधल्या मुलांना ठरलेल्या मुदतीत रीतसर लेखी कराराचा प्रस्ताव पाठवला नाही. नियमातलं ते कलम एजंटांच्या नजरेस पडलं आणि चार मुलं मोकळी सुटली. कुणाशीही बोला, कुणाकडेही जा. ट्रॅव्हिस ली याला ॲरिझोनानं एक कोटी डॉलर दिले. मॅट व्हाइट नावाच्या शाळकरी पिचरला टँपा बेच्या नव्या क्लबनं १ कोटी २ लाख दिले. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिल्या आलेल्या मुलालाही याच्या जवळपास काही मिळालं नव्हतं. आता २०२४ कडे या. ड्राफ्टच्या इतिहासातला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा बोनस त्या वर्षी चेस बर्न्स आणि चार्ली कॉन्डन यांना मिळाला, प्रत्येकी ९२ लाख ५० हजार. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतरचा विक्रमही मॅट व्हाइटच्या आकड्याच्या खालीच राहिला. त्याच काळात मेजर लीगच्या खेळाडूचा सरासरी पगार सुमारे ११ लाखांवरून ५० लाखांच्या घरात गेला. बोनस खरोखर जास्त आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

यावर लगेच येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: मॅट व्हाइट तर मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही! खांद्यानं दगा दिला. म्हणजे टँपा बेचे एक कोटी बुडाले. बुडाले, खरंच बुडाले. पण म्हणून तो भाव चुकीचा होता असं होत नाही. यासाठी हिशेब मांडावा लागेल.

नवा मुलगा सही करतो तेव्हा क्लबला नेमकं काय मिळतं? आधी तो दोन ते पाच वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, घासला जातो. मग मेजर लीगमध्ये आला की पुढची सहा वर्षं तो त्याच क्लबच्या ताब्यात. त्यातली साधारण पहिली तीन वर्षं क्लब त्याला किमान पगाराच्या आसपास देऊ शकतो. २०२४ मध्ये तो किमान पगार ७ लाख ४० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं लवादाच्या पद्धतीनं पगार वाढतो, तरी बाजारभावाच्या खालीच असतो. सहा वर्षं भरल्यावरच तो मोकळा होतो. म्हणजे बोनस हा त्या सहा वर्षांच्या स्वस्त खेळाचा इसारा आहे.

पॉल स्कीन्सचं उदाहरण घ्या. २०२३ च्या ड्राफ्टमधला पहिला, पिट्सबर्गनं घेतला, बोनस ९२ लाख, तेव्हाचा विक्रम. मे २०२४ मध्ये मुख्य संघात आला, त्याच वर्षी नॅशनल लीगमधला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. पगार किमानाच्या जवळपास. आता त्याच्या शेजारी गेरिट कोलला उभा करा. त्याच्याशी यांकीजनी २०१९ च्या डिसेंबरमध्ये नऊ वर्षांचा ३२ कोटी ४० लाखांचा करार केला, म्हणजे वर्षाला ३ कोटी ६० लाख. स्कीन्सचा तो गाजलेला बोनस कोलच्या एका वर्षाच्या पगाराच्या चौथ्या हिश्शाइतका आहे.

पण स्कीन्स हे धरलेलं कलम झालं. न धरलेलीही मोजायला हवीत. क्लबमध्ये असताना नव्या लोकांना समजावायला मी एक खेळ मांडायचे, तोच इथे मांडते. आकडे समजावण्यापुरते धरलेले आहेत, पण प्रमाण वास्तवाला फार सोडून नाही. समजा दहा मुलांना प्रत्येकी ९० लाख दिले, एकूण ९ कोटी. त्यातले तिघे साफ बुडाले, शून्य. चौघे साधारण निघाले, सहा वर्षांत क्लबला प्रत्येकी तीनच जास्तीचे विजय (त्याच्या जागी सामान्य बदली खेळाडू असता तर मिळाले नसते असे) मिळवून दिले. दोघे चांगले, प्रत्येकी पंधरा विजय. एक जण थोर निघाला, तीस विजय. एकूण झाले बहात्तर. बाहेरून मोकळा खेळाडू आणायचा तर असा एक जास्तीचा विजय साधारण ८० लाख डॉलरला पडतो, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. बहात्तर विजयांचे ५७ कोटी ६० लाख झाले. त्यातून या मुलांना सहा वर्षांत द्यावा लागणारा पगार, १४ कोटी ४० लाख धरा, तो वजा करा. उरले ४३ कोटी २० लाख. हा पैसा हातात यायला बरीच वर्षं लागतात, प्रशिक्षणाचा खर्च असतो, मध्येच दुखापती असतात. म्हणून सरळ निम्मा करून टाका. तरी २१ कोटी ६० लाख राहतात, आणि तुम्ही गुंतवले होते ९ कोटी.

दहातले तिघे बुडाले, चौघे जेमतेम, तरी दुपटीहून जास्त. सगळा फायदा वरच्या तिघांनी, म्हणजे दोन चांगल्या आणि एका थोर मुलानं, दिला. आणि दहातले ते तीन कोण, हे ड्राफ्टच्या दिवशी कुणालाही माहीत नसतं. माहीत आहे असं जो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी त्या खोलीत नऊ वर्षं बसलेय.

वाया गेलेली नावं लोकांना पाठ असतात. १९६६ मध्ये मेट्सनी पहिला म्हणून स्टीव्ह चिलकॉट हा कॅचर घेतला आणि दुसऱ्या क्रमांकावर अथलेटिक्सनी रेजी जॅक्सनला नेलं. चिलकॉट मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. १९९१ मध्ये यांकीजनी ब्रायन टेलर या डावखुऱ्या शाळकरी पिचरला १५ लाख ५० हजार दिले, त्या काळी अचाट रक्कम. १९९३ च्या डिसेंबरात भावाच्या बाजूनं एका मारामारीत पडला आणि त्याच डाव्या खांद्याला इजा झाली. तोही कधी वर आला नाही. पण दुसऱ्या बाजूनं पाहा: १९६५ पासून २०२३ पर्यंत ड्राफ्टमध्ये पहिले आलेले आणि सही केलेले जितके आहेत, त्यांत मेजर लीगपर्यंत न पोचलेले फक्त हे दोघेच. दोनच! ज्याला लोक जुगार म्हणतात, त्यात एकोणसाठ वर्षांत दोन. पोचणं म्हणजे पैसे वसूल होणं नव्हे हे मान्य आहे. २००४ मध्ये सान डिएगोनं घेतलेला मॅट बुश तुरुंगवास भोगून २०१६ मध्ये भलत्याच क्लबकडून, शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाच्या जागेऐवजी पिचर म्हणून वर आला. सान डिएगोच्या ३१ लाख ५० हजारांचं त्यात काही वसूल झालं नाही. तरी पहिल्या क्रमांकाची पारख लोक समजतात तेवढी आंधळी नाही.

आता दुसरा नेहमीचा आक्षेप, अल्बर्ट पुहोल्सचा. १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ वा, साठ हजारांच्या आत सही, आणि पुढे सातशेवर होम रन. माइक पियाझा तर १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत, १,३९० वा. मग पहिल्यांवर पैसे का उधळायचे, तळातली रत्नं शोधा की! हे ऐकायला फार गोड वाटतं. पण तेराव्या फेरीत दरवर्षी तीस मुलं घेतली जातात आणि १९९९ नंतर तिथून दुसरा पुहोल्स निघालेला नाही. पियाझा २०१६ मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनात) गेला तेव्हा ड्राफ्टमध्ये सगळ्यात खाली निवडला जाऊन तिथे पोचलेला तो खेळाडू ठरला. त्याच दिवशी त्याच्या शेजारी केन ग्रिफी ज्युनियर बसला होता, १९८७ चा पहिला, बोनस १ लाख ६० हजार. पहिल्या क्रमांकावरून हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिलाच. त्याच्यामागून हॅरोल्ड बेन्स, चिपर जोन्स, जो मावर गेले. बासष्टाव्या फेरीतून दुसरा कुणी गेला नाही, आणि आता ती फेरीच उरलेली नाही. २०२१ पासून ड्राफ्ट वीस फेऱ्यांचा झालाय.

किंमत आणि क्रमांक यांचा आलेख काढला तर तो घाटासारखा उतरतो. पहिल्या दोन-तीन मुलांपासून दहाव्यापर्यंत जोरात, विसाव्या-तिसाव्यापर्यंत बराच, आणि त्यानंतर जवळजवळ सपाट. म्हणून पहिल्याला दिलेले ९० लाख मला खटकत नाहीत. खटकतात ते कधी कधी पन्नासाव्या-साठाव्याला हट्टानं दिलेले पंचवीस-तीस लाख. तिथे क्लब स्वतःच्या नजरेच्या प्रेमात पडलेला असतो. आणि माइक ट्राउट २००९ मध्ये पंचविसावा होता, १२ लाख १५ हजारांत, हे उदाहरण प्रत्येक वेळी कुणीतरी त्या खोलीत काढतंच. आधीच्या चोवीस पाळ्यांत कुणीच त्याला घेतला नव्हता, एंजल्सनी तर स्वतःच्या आधीच्या पाळीत दुसरा मुलगा घेऊन मग त्याला घेतला. त्यांनाही तो ट्राउट आहे हे कळलं नव्हतं.

पिचरची गोष्ट वेगळी करायला हवी, कारण इथे मी स्वतः चुकलेय. मानवी कोपर ताशी १५०-१६० किलोमीटरनं चेंडू फेकण्यासाठी बनलेलं नाही. सतरा वर्षांच्या मुलाचं तर नाहीच. शाळकरी उजव्या हाताचा पिचर आजवर एकदाही ड्राफ्टमध्ये पहिला घेतला गेलेला नाही. शाळकरी डावखुरे तिघे घेतले गेले: १९७३ चा डेव्हिड क्लाइड, १९९१ चा टेलर आणि २०१४ चा ब्रेडी एकन. क्लाइडला टेक्सास रेंजर्सनी अठराव्या वर्षी शाळा संपल्यावर काही आठवड्यांतच थेट मुख्य संघात उतरवला, कारण मैदान रिकामं पडत होतं. पहिल्या दिवशी मैदान गच्च भरलं. क्लबला तिकिटांचे पैसे मिळाले आणि क्लाइडची कारकीर्द १८ विजय, ३३ पराभव यावर संपली. एकनचं ६५ लाखांवर ठरलं होतं. मग तपासणीत कोपराच्या अस्थिबंधाबद्दल शंका आली, ह्यूस्टननं रक्कम कमी केली आणि सही झालीच नाही. बदली म्हणून ह्यूस्टनला पुढच्या वर्षी दुसरा क्रमांक मिळाला, त्यातून ॲलेक्स ब्रेगमन आला. एकन मेजर लीगपर्यंत कधी पोचला नाही.

माझी चूक अशी. क्लबमधल्या माझ्या तिसऱ्या वर्षी एका शाळकरी पिचरच्या बाजूनं मी अहवाल लिहिला. वेग होता, चेंडूची फिरकी अशी की आमच्या यंत्रांनी तोवर त्या वयाच्या कुणाची मोजली नव्हती. मी लिहिलं की याला ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त देऊन कॉलेजपासून वळवा. क्लबनं वळवलं. दुसऱ्याच उन्हाळ्यात कोपर गेलं, शस्त्रक्रिया झाली, मग खांदा. बाविसाव्या वर्षी क्लबनं त्याला सोडला. माझ्या हिशेबात तो बुडणार म्हणून आधीच गृहीत धरलेल्या तिघांपैकी एक होता, त्यामुळे हिशेब चुकला नव्हता. पण शाळेत असताना तो आठवड्याला किती चेंडू टाकत होता हे मी विचारलंच नव्हतं. ती माहिती मिळण्यासारखी होती. तेव्हापासून पिचरच्या बाबतीत मी वेगाच्या आकड्याआधी तो आकडा मागते, आणि बाजू बदलण्याचा विचारही तिथूनच सुरू झाला.

२०१२ पासून बोनसचं गणित आणखी गुंतागुंतीचं झालंय. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एक रक्कम ठरलेली असते, तिला स्लॉट म्हणतात. क्लबच्या सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे त्याचा पूल, म्हणजे बोनससाठीचा एकूण निधी. पूल ओलांडला तर दंड, आणि पाच टक्क्यांपेक्षा जास्त ओलांडला तर पुढच्या पहिल्या फेरीतली पाळीच जाते. आजवर एकाही क्लबनं ती पाच टक्क्यांची रेषा ओलांडलेली नाही. यावरूनच कळतं की क्लबांना एक पाळी किती मोलाची वाटते.

पण पुलाच्या आत पैसे इकडचे तिकडे करता येतात. २०१२ मध्येच ह्यूस्टननं ते करून दाखवलं. पहिल्या क्रमांकाचा स्लॉट ७२ लाखांचा होता. त्यांनी कार्लोस कोरेयाला ४८ लाखांवर राजी केलं आणि वाचलेल्या पैशातून एक्केचाळिसाव्या क्रमांकावर लान्स मॅकलर्स ज्युनियरला २५ लाख देऊन कॉलेजपासून ओढून आणलं. २०१७ च्या वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम लढत) जिंकणाऱ्या संघात दोघेही होते. आता सगळेच हे करतात. त्यामुळे पहिल्याला कमी बोनस मिळाला तर तो कमी चांगला, असं समजू नका; कधी कधी तो फक्त आधी हो म्हणालेला असतो.

हे वाचलेले पैसे आणखी कुठून येतात ते लोकांना माहीत नसतं आणि मला ते सांगायचंच आहे. कॉलेजची चारही वर्षं पूर्ण केलेल्या मुलाकडे बोलणी करायला काहीच उरत नाही. परत कॉलेजला जाईन असं तो म्हणू शकत नाही. क्लब सहाव्या ते दहाव्या फेरीत अशी मुलं घेतात, दीड-दोन लाखांच्या किंवा त्याहून मोठ्या स्लॉटवर त्यांना पाच-दहा हजार देतात आणि उरलेला पैसा वरच्या कुणाकडे वळवतात. मी स्वतः असे फोन झालेले ऐकलेत. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, शिकलेला, चार वर्षं घाम गाळलेला, आणि फोनवर एका मिनिटात हो म्हणतो. ९० लाख जास्त आहेत का, या प्रश्नापेक्षा हे पाच हजार मला जास्त छळतात.

कारण पुढे मायनर लीगमध्ये पगार काय असतो? २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा सगळ्यात वरच्या ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर ठरला, डबल-एचा ३०,२५०, सगळ्यात खालच्या पायरीला १९,८००. आणि ही वाढ झाल्यानंतरची रक्कम आहे. त्याआधी कितीतरी मुलं हिवाळ्यात गोदामात काम करून उन्हाळ्यात खेळत होती. ड्राफ्टमधल्या बहुतेकांच्या हाती बेसबॉलमधून येणारा मोठा पैसा म्हणजे हा बोनसच. त्यानंतर दुसरा येत नाही.

आता घरच्यांसाठी. न्यू जर्सी आणि डॅलसकडच्या एक-दोन मराठी आईवडिलांनीही मला हे विचारलंय, आणि आपल्याकडे स्वाभाविकपणे पहिला प्रश्न शिक्षणाचा असतो. आधी रक्कम खरी करून घ्या. वरच्या पायरीला केंद्राचा आयकर ३७ टक्के, बहुतेक राज्यांचा वेगळा, एजंटचे तीन ते पाच टक्के. नव्वद लाखांतले निम्म्याच्या आसपास हाती पडतात असं धरून चाला. मग कॉलेजची शिष्यवृत्ती नेमकी किती टक्के आहे ते लेखी विचारा. बेसबॉलमध्ये अगदी अलीकडेपर्यंत एका संघाला ११.७ शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या सत्तावीस मुलांत वाटल्या जायच्या. आता नियम सैल झालेत, तरी शिष्यवृत्ती आहे म्हणजे पूर्ण फी माफ, असं गृहीत धरू नका.

नाही म्हणण्यात फायदा होतो का? गेरिट कोलला २००८ मध्ये यांकीजनी पहिल्या फेरीत घेतलं होतं, त्यानं नकार दिला, कॉलेजला गेला आणि २०११ मध्ये पहिला येऊन ८० लाख घेतले. मार्क ॲपेलनं २०१२ मध्ये पिट्सबर्गचे ३८ लाख नाकारले, पुढच्या वर्षी ह्यूस्टनकडून ६३ लाख ५० हजार घेतले. नऊ वर्षांनी, मध्ये खेळ सोडून परत येऊन, तिसाव्या वर्षी २०२२ मध्ये फिलाडेल्फियाकडून पहिल्यांदा मेजर लीगच्या मैदानात उतरला. त्याच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला क्रिस ब्रायंट तोवर विश्वविजेता होऊन गेला होता. कोलचा निर्णय बरोबर ठरला. ॲपेलचाही पैशाच्या दृष्टीनं बरोबरच ठरला. पण हे दोघे नाकारूनही निरोगी राहिले. एकन राहिला नाही.

म्हणून मी सहसा असं सांगते. मुलगा पिचर असेल आणि रक्कम दहा लाखांच्या वर असेल, तर घ्या. तीन वर्षांनी तेच कोपर तसंच असेल याची हमी कुणी देणार नाही. बॅटर असेल, रक्कम तीन-चार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज चांगलं असेल, तर थांबायला हरकत नाही, पण तिसऱ्या वर्षी सही करायची हे ठरवून थांबा. चौथ्या वर्षापर्यंत ताणलं की वर सांगितलेला पाच हजारांचा फोन येतो. आणि सही कधीही करा, करारात कॉलेजचा खर्च लिहून घ्या. त्यासाठी मेजर लीगची रीतसर योजना आहे: क्लब पुढच्या शिक्षणाचे पैसे देण्याचं कबूल करतो, मुलगा खेळ सोडल्यावर ते वापरू शकतो. किती सत्रांचे आणि प्रत्येक सत्राला किती, हे बोलणी करून ठरतं, आणि ते सहीच्या आधीच ठरवावं लागतं. क्लब यावर फारसं ताणत नाहीत, कारण बरीच मुलं ते पैसे कधी मागायलाच जात नाहीत. मी ज्याच्याबद्दल तो अहवाल लिहिला होता, त्याच्या आईनं सहीच्या आदल्या रात्री ही ओळ घालून घेतली होती. बाविसाव्या वर्षी तो सुटला तेव्हा कॉलेजचा सगळा खर्च क्लबनं भरला.